बारा स्विच, एक नाव

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बारा स्विच. एकशे सहा ओळी बदललेल्या. आणि 'कोणी बदललं' या चौकटीत काहीच नाही!

सकाळी नऊला पोचले तर गेटपासूनच बोंब. डिस्पॅचचे वजनकाटे लेबलच्या प्रिंटरशी बोलत नाहीत. गोदामाचे कॅमेरे काळे. मशीनवर उदबत्तीचे पुडे नुसते येऊन साठतायत, कारण लेबलाशिवाय खोका बाहेर जात नाही. कालचा मेल मी उघडलाच नव्हता — दसऱ्याच्या दिवशी कोण ऑफिसचा मेल उघडतं? रोज सकाळी सहाला तो येतो. ऑगस्टमध्ये मीच ती यंत्रणा बसवली. प्रत्येक स्विचमध्ये काय लिहिलंय ते उतरवून घ्यायचं, आदल्या दिवसाशी ताडून पाहायचं, काय गेलं, काय आलं आणि कोणी केलं ते कळवायचं. दोन महिने एकच वाक्य येत होतं: बदल नाही. आणि काल आला हा रामायणाएवढा मेल.

दुपारी चारपर्यंत सप्टेंबरच्या शेवटच्या प्रतीवरून सगळं परत टाकलं. काटे बोलू लागले, कॅमेरे दिसू लागले. पक्कं उद्या करीन — मूर्ती सरांची शिस्त, आजचं आज पक्कं करायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची.

पण केलं कोणी? परत टाकण्याआधी स्विचमध्येच विचारलं होतं — शेवटचा बदल कधी? उत्तर: १ मार्च १९९३, सोमवार. १९९३ साली मी चौथीत होते. ही फॅक्टरी तेव्हा एका शेडमध्ये होती आणि बायका पाटावर बसून हातानं उदबत्त्या वळत होत्या.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "स्विच बिघडला तर वायरमनला बोलवा ना, तूच कशाला हात घालतेस?" सहा वर्षं सांगतेय की हा दिव्याचा स्विच नव्हे, चोवीस भोकांची पेटी असते, कुठल्या केबलनं कोणाशी बोलायचं ते ती ठरवते. मान हलवतात आणि पुढच्या वेळी परत वायरमन.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर मूर्ती सर मागे लागलेले. आमच्या विभागात माणसं दोन — ते साहेब आणि मी बाकी सगळं. पंधरा तारखेला जर्मन गिऱ्हाइकाकडून तपासणीला माणूस येणार आहे. त्यांची अट — तुमच्या नेटवर्कमधल्या प्रत्येक बदलाला एक पान, आणि पानावर एक नाव. काय बदललं, कधी, का, कोणी. चार चौकटी.

"हे बघ अम्मा," सर म्हणाले, "एकशे सहा ओळी आपोआप बदलत नाहीत. नाव काढ."

"सर, कोणी आत शिरल्याची खूणच नाही."

"म्हणजे भूत आलं? भूत लिहू का चौकटीत?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

किरणला फोन केला. आमच्याच विभागात होता, मे महिन्यात नोकरी सोडून बंगळूरला गेला, पण त्याचं प्रवेशाचं नाव स्विचमधून मी अजून काढलेलं नाही (हे सरांना माहीत नाही!). वाटलं, त्यानेच गंमत केली असेल.

"अक्का, तीन तास सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभा आहे," तो म्हणाला. "माझ्याच घरात शिरायला मिळेना, तुझ्या स्विचमध्ये कधी शिरू?"

किरण नाही. मग कोण? दोन वेळा दूध उतू घालवलं आज.

६ ऑक्टोबर, सोमवार

बदललेल्या ओळी छापून घेतल्या. अकरा कागद. घडी घालून बसच्या सीटवर वाचत होते. विचित्र गोष्ट अशी की आलेल्या ओळी चुकीच्या नाहीत. कोणी द्वेषानं केलं असतं तर वाट्टेल ते टाकलं असतं. हे व्यवस्थित आहे. फक्त आमचं नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी फॅक्टरीचं वाटावं असं. आणि तरीही कुठेतरी पाहिल्यासारखं. सातव्या स्विचला नवीन पॅकिंग हॉलचा पत्ताच नाही, जणू हॉल बांधलाच नाही!

डोकं दुखतंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एक दुवा सापडला, आणि तो मला नकोसा आहे.

बाराही स्विच १ तारखेला, आयुधपूजेच्या दिवशी, अकरा ते एकच्या दरम्यान बंद होऊन चालू झालेत. ते तर दरवर्षीच होतं. चंदनाची आणि कोळशाची पूड हवेतून पेट्यांच्या पंख्यात जाऊन बसते. म्हणून पूजेच्या दिवशी महादेवस्वामी एकेक पेटी बंद करतो, ब्लोअरनं साफ करतो, गंध-कुंकू लावतो, फूल ठेवतो, परत चालू करतो. मग गेटवर कोहळा फोडतात आणि सगळे चुरमुरे-बत्ताशांचे पुडे घेऊन घरी. सव्वीस वर्षं हेच चाललंय. पण बंद करून चालू केलं म्हणून कोणी स्वतःचा पत्ता विसरतं का? माणूस झोपून उठला की बायकोला ओळखतोच.

स्वामीला विचारलं. स्वामी म्हणजे आमचा केबलवाला, जनरेटरवाला, शिडीवाला, सगळंच. कंत्राटी आहे, चौपन्न वर्षांचा. दिवाळीला कायम करू असं मालकांनी या वर्षी शब्द दिलाय.

"स्वामी, त्या दिवशी कुठली केबल काढली होती का?"

"छे हो मॅडम. फक्त अंघोळ घातली. वर्षातनं एकदा त्यांनाही नको का?"

"कुठलं बटण दाबलं? नीट आठवा."

"बटण आहेच कुठे त्यांना? मागचा प्लग काढला, साफ केलं, प्लग लावला. बाराच्या बारा मी एकट्यानं केले." मग टेबलावरच्या पानाकडे बघून विचारलं, "हे काय लिहिताय?"

सांगितलं — जर्मनीच्या लोकांना दाखवायचं पान, कोणी काय केलं त्याचं.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "मग लिहा की माझं. पूर्ण लिहा, एम. महादेवस्वामी. इतकी वर्षं साफ करतोय, एकदाही कुठे लिहिलं नव्हतं कोणी."

मी पान उलटं करून ठेवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

चौकट रिकामी. तपासणीला सात दिवस.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहिलं.

स्वतःशी भांडून झालंय, आता इथे कशाला परत. एवढंच नोंदवते की खोटं नाही लिहिलं. पेट्या बंद त्यानेच केल्या. त्यानंतरच बदल दिसला. तो स्वतःच म्हणाला, माझं नाव लिहा. 'का' या चौकटीत मी लिहिलं होतं: वार्षिक साफसफाई. सरांनी ते खोडायला लावलं आणि सांगितलं: परवानगीविना हाताळणी.

"सर, परवानगी दरवर्षी आपणच देतो. आपण स्वतः हात जोडून उभे असतो."

"कागदावर दिली होती का?"

नव्हती. कागदावर पूजेची परवानगी कोण मागतं!

११ ऑक्टोबर, शनिवार

सरांनी ठेकेदाराला फोन केला — सोमवारपासून महादेवस्वामीला पाठवू नका. चौथ्या चौकटीखाली आणखी एक बारीक चौकट आहे, ती माझ्या लक्षातच आली नव्हती: पुढे काय कारवाई केली. तिथं सरांनी स्वतः लिहिलं, व्यक्तीला कामावरून कमी केलं.

संध्याकाळी स्वामी रॅकच्या खोलीची किल्ली द्यायला आला. किल्लीला त्यानं लाल दोरा बांधलेला.

"तपासणी होईपर्यंत बाहेरची माणसं नकोत असं असेल ना, मॅडम?"

मी किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवली.

"पंधरा तारखेनंतर बोलावतील?"

"बोलावतील," मी म्हटलं.

का म्हटलं? कोण बोलावणार होतं? तोंडातून निघून गेलं. तो गेल्यावर मी खोलीत जाऊन बारा पेट्यांसमोर उभी राहिले. कपाळांवर अजून त्याचं कुंकू आहे. मला कळत नाहीये की मी काय केलं, आणि कळत नाहीये हेही खरं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सातव्या स्विचचा अर्धा तास उगाच अभ्यास केला. काही नाही. सगळं ठीक चाललंय. मेल: बदल नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झाली तपासणी. चेन्नईहून एक बाई आल्या होत्या, सुती साडी, हळू आवाज. कॉफी दोनदा घेतली. पानं चाळली. आमच्या पानावर थांबल्या, स्वामीचं नाव वाचलं, खालची बारीक चौकट वाचली आणि पेनानं बरोबरची खूण केली. जेमतेम दहा सेकंद.

"तुमची यंत्रणा चांगली आहे," मला म्हणाल्या. "बदल झाला तर तुम्हाला लगेच कळतं."

सरांनी सगळ्यांना म्हैसूर पाक वाटला. माझा तुकडा पर्समध्ये तसाच आहे. उद्या सासूबाईंना देईन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवण राहू दे, आधी हे लिहिते.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. बॅटऱ्या वीस मिनिटं तग धरतात, तेवढ्यात जनरेटर लावायचा असतो. जनरेटर लावायचा स्वामी. त्या खटाऱ्याला कुठे लाथ घालायची, कुठे चोक ओढायचा, ते दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही. वॉचमन आणि पॅकिंगचा सुपरवायजर दोघं त्याच्याशी झटापट करत राहिले. अडीचला बॅटऱ्या संपल्या. सव्वातीनला वीज आली.

आणि काटे बोलेनात! कॅमेरे काळे!

मी यंत्रणा हातानं चालवून ताडून पाहिलं. बारा स्विच. एकशे सहा ओळी. त्याच एकशे सहा, ओळ न् ओळ तीच! शेवटचा बदल: १ मार्च १९९३. कोणी: रिकामं.

स्वामी तर नव्हताच. सहा दिवस त्यानं फाटकात पाय ठेवलेला नाही. पहिला विचार आला (लाज वाटते पण लिहिते) की त्याचा तळतळाट लागला. दुसरा विचार आला की मला वेड लागलंय. मग खुर्चीत बसले आणि एकच प्रश्न विचारला: दोन्ही वेळा काय सारखं होतं? माणूस नाही. वीज जाणं.

आणि मग सगळं लख्ख दिसलं.

स्विचची आठवण दोन प्रकारची. आपण टाकलेलं लगेच चालू होतं, पण ते वरवरच्या आठवणीत. 'पक्कं कर' असा हुकूम वेगळा द्यावा लागतो, तो दिला की आतल्या आठवणीत उतरतं. नाही दिला तर वीज गेली की सगळं पुसलं जातं, आणि पेटी जागी होते ती शेवटचं पक्कं केलेलं घेऊन. नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. घड्याळही मग शून्यावरून सुरू होतं — ही पेटी बनवणाऱ्यांचं शून्य म्हणजे १ मार्च १९९३. मूर्ती सरांची शिस्त याच्यावरच उभी आहे: आज पक्कं करू नका, चुकलं असेल तर प्लग काढून लावला की जुनं परत मिळतं. उद्या करा.

उद्या!

शेवटचं पक्कं कधी केलंय ते पाहिलं. २२ फेब्रुवारी. बाराही पेट्यांवर एकच तारीख आणि एकच नाव: हेमलता, म्हणजे मी. त्याच आठवड्यात नवीन बॅटऱ्या बसल्या आणि स्वामी दोन मिनिटांत जनरेटर लावायचा, म्हणून आयुधपूजेपर्यंत एकही पेटी मेली नाही. नवीन हॉल, नवे काटे, कॅमेरे, सगळं मी टाकलं आणि एकदाही पक्कं केलं नाही. किरण असताना 'अक्का, पक्कं केलंस का' म्हणून आठवण करायचा. तो गेला मे महिन्यात. त्याच्या वाटचंही मी नुसतं 'उद्या' म्हणत राहिले. आणि माझी ती कौतुकाची यंत्रणा! ती रोज वरवरचंच उतरवून घेत होती. आतलं कधी पाहायला मी तिला सांगितलंच नाही. आठ महिने रांगोळी काढत होते आणि समजत होते की फरशी बसवली.

कोणी काही बदललं नव्हतं. जुनं होतं ते उघडं पडलं, एवढंच. आणि ३ तारखेला परत टाकलं तेही पक्कं केलं नाही.

सहाला सगळं चालू केलं. या वेळी बाराही पेट्या तिथल्या तिथे पक्क्या केल्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सरांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"पान बंद झालंय अम्मा. खूण झालीय. बंद झालेलं पान कोणी उघडत नाही."

"पण सर, स्वामीनं काही केलं नाही."

"तो ठेक्यावरचा माणूस. वायरमनला काम कुठेही मिळतं. तुझ्या नावावर हे चढलं तर तुला मिळेल? घरकर्ज आहे ना तुझं?"

मी म्हटलं, आहे.

"मग." जरा थांबून म्हणाले, "आणि उद्या पक्कं करा, हे तुला कोणी शिकवलं, हेही विचारतील."

ते माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी घाबरले होते. एवढं मात्र कळलं. बाकी काय करावं ते कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

नंजनगूडच्या बसनं स्वामीच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं, तीनदा मोडलं. तो समोरच्या घरावर दिवाळीच्या माळा लावत शिडीवर होता. मला बघून धावत खाली आला. त्याच्या बायकोनं, पुट्टम्मानं, स्टुलावर कॉफी आणि चकलीची ताटली ठेवली आणि आतल्या दारात उभी राहिली.

"बोलावलंय का मॅडम?" तिनंच विचारलं.

स्वामीनं तिला हातानं गप्प केलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मी रोज विचार करतोय. ब्लोअरची हवा जास्त झाली का? की गंधाचं पाणी आत गेलं? सांगा तुम्ही. पुढच्या वर्षी कोरडं कुंकू लावीन."

"तुमचं काहीच चुकलं नाही, स्वामी."

"मग नाव का लिहिलं माझं?"

त्यानं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो खरोखरच विचारत होता. त्याला समजून घ्यायचं होतं. मी सांगायला लागले, वीज, आठवण, पक्कं करणं, आणि माझ्याच कानांना ते सगळं बनवाबनवी वाटायला लागलं. मध्येच म्हणाले, चूक माझी होती. तुमचं नाव पुढे होतं म्हणून लिहिलं.

पुट्टम्मानं ताटली उचलली. मी एकही चकली घेतलेली नव्हती.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. पहाटे तेल लावून न्हाले. सासूबाईंनी डोक्यावर तेल थापत विचारलं, "कसला विचार एवढा?" म्हटलं, स्विचचा. म्हणाल्या, "वायरमनला बोलव." त्यांना काय ठाऊक, बरोबर बोलल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

नवीन पान लिहिलं. काय बदललं: काहीच नाही, जुनं परत आलं. कधी: २२ फेब्रुवारीपासून रोज. का: केलेले बदल पक्के केले नाहीत, वीज गेल्यावर पुसले गेले. कोणी: हेमलता. बारीक चौकटीत: एम. महादेवस्वामी यांच्यावरची नोंद चुकीची आहे, मीच ती केली, त्यांना परत घ्यावं.

चेन्नईच्या बाईंना पाठवलं. मालकांना पाठवलं. सरांना पाठवलं. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. गेले वीस दिवस डोक्यात जो गुंता होता तो निदान एका बाजूनं सुटला.

पंधरा मिनिटांनी सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात पानाची छापील प्रत.

"माझी शिस्त लिहिली नाहीस यात."

"नाही लिहिली."

"का?"

"नावाची चौकट एकच आहे, सर."

त्यांनी प्रतीची घडी घातली. मग गेले. मालकांनी दिवसभर काही कळवलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सहाचा मेल आला. बारा स्विच, प्रत्येकात एकेक ओळ कमी. कमी झालेली ओळ: हेमलता, प्रवेश. केव्हा: काल संध्याकाळी सहा चाळीस. कोणी: मूर्ती. मला तोंडानं कोणी काही सांगितलेलं नाही, पण समजले आणि घरीच राहिले. मेल मात्र अजून माझ्याकडेच येतो, तो बंद कसा करायचा हे माझ्याशिवाय कोणाला येत नाही.

सव्वानऊला स्वामीचा फोन. "मॅडम, मालकांनी बोलावलं! किल्ली दिली परत. तुमची खुर्ची रिकामी दिसतेय, आज रजेवर का?"

हो म्हटलं.